दोन मिनिटांच्या भूमिकांचा नट

शहरात लहान मुलींचे खून पडत आहेत. पोलीस रात्रंदिवस छापे घालतात, पण हाती काही लागत नाही. या छाप्यांनी धंदा बसला म्हणून चोर-दरोडेखोरांच्या टोळ्याही खुन्याच्या मागावर निघतात आणि भिकाऱ्यांना गल्ल्या वाटून पहाऱ्याला बसवतात. इतक्या डोळ्यांना चुकवणारा हा माणूस अखेर ओळखला जातो तो एका आंधळ्या फुगेवाल्याकडून. रस्त्यानं कुणीतरी शीळ घालत चाललेलं असतं. फुगेवाला थबकतो. एल्सी बेकमान नावाची मुलगी नाहीशी झाली, त्या दिवशी तिच्यासाठी फुगा घेणारा गिऱ्हाईक हीच धून वाजवत होता. फुगेवाला जवळच्या पोराला हाक मारतो आणि पाठलाग सुरू होतो.

फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा बोलपट ११ मे १९३१ रोजी बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. तो पाहिलेल्या कुणालाही खुन्याचं काम करणारा पीटर लॉरे आठवतो. गरगरीत डोळ्यांचा तो घाबरट चेहरा विसरणं शक्यच नाही. फुगेवाल्याचं काम कुणी केलं, असं विचारलं तर मात्र चित्रपटांचे जाणकारही क्षणभर अडखळतात. त्या नटाचं नाव गेओर्ग योन. १९१०च्या दशकाच्या मध्यापासून १९३३पर्यंत तो शंभरएक चित्रपटांत दिसला. नायक तो कधीच नव्हता. खलनायकाच्या पदरीचा माणूस, लोहार, चौकीदार, नोकर, भिकारी, गाडीवरचा कर्मचारी अशी त्याची कामं. त्यातली बरीचशी दोन-चार मिनिटांची. पण मूकपटांच्या सुवर्णकाळातले जर्मन चित्रपट ओळीनं पाहत गेलं, की हा माणूस पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि दर वेळी वेगळाच होऊन येतो.

लहान भूमिका करणाऱ्या नटांकडे चित्रपटाच्या इतिहासानं फार कमी लक्ष दिलं आहे. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्या काळातले दिग्दर्शक ज्या जगांची उभारणी करत होते, ती जगं याच माणसांनी भरलेली होती.

रंगभूमीकडून पडद्याकडे

गेओर्ग योनचं खरं आडनाव याकोबसोन. जन्म २३ जुलै १८७९चा, त्या वेळच्या जर्मन साम्राज्यातल्या पोझेन प्रांतातल्या श्मीगेल या लहानशा गावी, एका ज्यू घरात. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्या पिढीतल्या बहुतेक नटांसारखा तोही रंगभूमीवर घडला. जर्मनीत जवळपास प्रत्येक मध्यम शहराला आपलं नाट्यगृह असे आणि त्या नाट्यगृहाची पगारी नटमंडळी असे. आज राजा, उद्या नोकर, परवा म्हातारा बाप, असं एकाच आठवड्यात आलटून पालटून रंगवायची तिथली रीत होती. चेहरा आणि चाल बदलायची सवय नटाच्या अंगी अशीच मुरत जाई.

सिनेमाला सुरुवातीला या मंडळींत फारशी किंमत नव्हती. १९१२मध्ये तर जर्मन नाट्यगृहांच्या चालकांनी आपल्या नटांनी चित्रपटात काम करू नये असा बहिष्कार पुकारला होता. तो टिकला नाही. पुढच्याच वर्षी आल्बर्ट बासरमान या रंगभूमीवरच्या अत्यंत मानाच्या नटानं ‘डेर आंडेरे’ या चित्रपटात काम केलं, आणि बाकीच्यांची भीड चेपली. १९१४मध्ये महायुद्ध सुरू झालं. शत्रुराष्ट्रांतले चित्रपट जर्मनीत यायचे थांबले आणि देशी चित्रपटांची मागणी एकदम वाढली. डिसेंबर १९१७मध्ये सैन्याच्या आणि डॉइच बँकेच्या पाठबळावर, अडीच कोटी मार्कांच्या भांडवलानं ‘ऊफा’ ही प्रचंड चित्रपटसंस्था उभी राहिली. युद्ध हरल्यावरही चित्रपटांचा हा कारखाना थांबला नाही.

बर्लिनमध्ये नाटक आणि सिनेमा एकाच शहरात नांदत होते, आणि लहान नटाचं पोट या दोन्हींवर चालत असे. दिवसा टेम्पलहोफ किंवा नॉयबाबेल्सबर्गच्या स्टुडिओत चित्रण, संध्याकाळी परत शहरात येऊन नाटकाचा प्रयोग. चित्रपट कंपन्यांची कचेरी-वस्ती फ्रीडरिशश्ट्रासच्या दक्षिण टोकाला होती. काम शोधणाऱ्यांचे हेलपाटे तिथेच पडत. मूकपटात आवाज लागत नसल्यानं घशाची बचत होई, आणि संध्याकाळचा प्रयोग निभावता येई. पण बिदागीचा भरवसा काय? नोव्हेंबर १९२३मध्ये महागाई अशा टोकाला पोचली, की एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. सकाळची मजुरी संध्याकाळपर्यंत मातीमोल होई. करारानं बांधलेल्या मोठ्या नटांना हा काळ जड गेला. दिवसाच्या हिशेबावर काम करणाऱ्यांचं तर जगणंच त्यावर टांगलेलं होतं.

एका महाकाव्यात तीन माणसं

अशाच दिवसांत लांग ‘दी नीबेलुंगेन’ हा दोन भागांचा चित्रपट करत होते. मध्ययुगीन जर्मन महाकाव्यावर त्यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांनी पटकथा लिहिली होती. फेब्रुवारी आणि एप्रिल १९२४मध्ये दोन्ही भाग प्रदर्शित झाले. सीगफ्रीडच्या कामात पाउल रिश्टर होता, क्रीमहिल्डच्या कामात मार्गारेटे श्यॉन. आणि गेओर्ग योनच्या वाट्याला एक नव्हे, तीन माणसं आली.

पहिला मीमे. सीगफ्रीड ज्याच्या भट्टीत तलवार घडवतो, तो वाकलेला, केसाळ, मत्सरी लोहार. दुसरा आल्बेरिश, जमिनीखालच्या खजिन्याचा राखणदार. अदृश्य करणारं जाळं पांघरून तो सीगफ्रीडवर झडप घालतो, हरतो, त्याला आपल्या गुहेत नेतो, पुन्हा घात करायला जातो आणि अखेर शाप देत दगड होऊन जातो. तिसरा, दुसऱ्या भागातला ब्लाओडेल, हूणांचा राजा एत्सेल याचा भाऊ, मेजवानीच्या वेळी बर्गुंडी पाहुण्यांवर तुटून पडणारा. तिन्ही माणसं एकाच नटाची आहेत हे सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही. ओटो गेनाथ यांच्या रंगभूषेचा त्यात वाटा आहेच. पण रंगभूषा चेहरा बदलते, देह बदलत नाही. लोहाराचं लगबगीचं, खाली खाली पाहणं, आल्बेरिशची सरपटती झडप आणि हूण सरदाराचा रानटी आवेग ही नटाची करामत होती.

लांग तीच ती माणसं पुन्हा बोलावत. या चित्रपटात एत्सेल झालेला रुडॉल्फ क्लाइन-रॉग्गे त्याआधी डॉक्टर माबूझे झाला होता, पुढे ‘मेट्रोपोलिस’चा शास्त्रज्ञ रोटवांग झाला. गेओर्ग योनही १९२२च्या ‘डॉक्टर माबूझे’मध्ये टोळीतला पेश होता, १९२८च्या ‘श्पिओने’मध्ये आगगाडीवरचा कर्मचारी होता. दिग्दर्शकाच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे. दोन मिनिटांचं काम करणाऱ्याला समजावून सांगायला वेळ नसतो. तो आला, उभा राहिला आणि त्याचा माणूस पहिल्याच क्षणी प्रेक्षकाला पटला पाहिजे. ज्याच्याबद्दल ही खात्री आहे, अशालाच दिग्दर्शक परत परत बोलावतो.

आल्बेरिशच्या भूमिकेची दुसरी एक बाजूही सांगायला हवी. बाकदार नाक, लोभी बोटं, खजिन्यावरची पकड असा तो रंगवला आहे. युरोपात ज्यूंविषयी शतकानुशतकं पसरवलेल्या विकृत चित्राशी हे रूप जुळतं, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. आणि ते रूप ज्याच्या अंगावर चढवलं होतं तो नट स्वतः ज्यू होता. लहान नटाला मिळेल ते काम घ्यावं लागतं. आपला देह कोणत्या चित्रासाठी वापरला जातो, यावर त्याची सत्ता नसते.

रात्रीचा चौकीदार

त्याच वर्षाच्या अखेरीस, २३ डिसेंबर १९२४ रोजी, दिग्दर्शक मुर्नाऊ यांचा ‘डेर लेट्स्टे मान’ आला. गेओर्ग योनचं मला सर्वांत आवडणारं काम यातलं आहे.

गोष्ट एका भव्य हॉटेलच्या दारवानाची. ऐटबाज गणवेशामुळे त्याला चाळीत मान आहे. पण वय झालं म्हणून व्यवस्थापक त्याचा गणवेश काढून घेतो आणि त्याला तळघरातल्या स्वच्छतागृहात टॉवेल देण्याच्या कामावर धाडतो. दारवान झालाय एमिल यानिंग्ज, जर्मन पडद्यावरचा त्या काळातला सर्वांत बडा नट. छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी या चित्रपटात कॅमेरा तिकाटण्यावरून सोडवून अंगाला बांधला, सायकलवर चढवला, लिफ्टमधून उतरवला. गोष्ट सांगायला पडद्यावर लेखी पाट्याही जवळजवळ नाहीत, सगळं चेहरे आणि हालचालींवर सोपवलेलं. अशा चित्रपटात छोट्या भूमिकेला शब्दांचाही आडोसा उरत नाही.

गेओर्ग योन आहे हॉटेलचा रात्रीचा चौकीदार. दारवानानं चोरून नेलेला गणवेश रात्री परत आणलेला असतो. सारं जग त्याला हसलेलं असतं, घरच्यांनी तोंड फिरवलेलं असतं. त्याला अंधारात भेटतो तो हा चौकीदार, आणि तो हसत नाही. स्वच्छतागृहात कोसळून बसलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर तो आपला कोट घालतो. एवढंच काम. चित्रपटात दारवानाचा अपमान करायला वीसेक माणसं आहेत, माणुसकीनं वागणारा हा एक. यानिंग्जचा अभिनय दणदणीत आहे, खांदे पाडण्यापासून डोळे फिरवण्यापर्यंत सगळं ठसठशीत. त्याच्यासमोर गेओर्ग योन काहीच ‘करत’ नाही. दिवा धरून जवळ जातो, थांबतो, कोट पांघरतो. हे संयमाचं काम मोठ्या नटाच्या दुःखाला जागा करून देतं.

इथे एक पाटी येते. खऱ्या आयुष्यात ही गोष्ट इथेच संपली असती, पण लेखकाला म्हाताऱ्याची दया आली, असा तिचा आशय. मग दारवानाला एका अमेरिकन कोट्यधीशाचा वारसा मिळतो आणि तो त्याच हॉटेलात पाहुणा म्हणून मेजवानी झोडतो. त्या मेजवानीत त्याच्या शेजारी मानानं बसलेला असतो चौकीदार. दोघं मिळून खातात, हसतात आणि गाडीत बसून निघून जातात. या चित्रपटात सुखाचा वाटा नायकानंतर मिळतो तो त्यालाच, आणि प्रेक्षकाला तो न्याय वाटतो. दोन छोट्या प्रसंगांच्या जोरावर त्यानं तो कमावलेला असतो.

यंत्रापाशी, मग आवाजापाशी

‘मेट्रोपोलिस’चं चित्रण मे १९२५पासून ऑक्टोबर १९२६पर्यंत चाललं. पन्नास लाखांहून अधिक मार्क खर्च झाले, हजारो माणसं गर्दीत उभी केली गेली. या गर्दीतला गेओर्ग योन एक कामगार आहे. यंत्राचा काटा लाल रेषेकडे सरकतो आहे, त्याचे हात थकून लटलटताहेत, तो आवरायला जातो आणि त्याला जमत नाही. स्फोट होतो. हे पाहणाऱ्या मालकाच्या मुलाला यंत्राच्या जागी माणसं गिळणारा राक्षस मोलोख दिसतो आणि इथून त्याचं आयुष्य पालटतं. म्हणजे साऱ्या कथेला कलाटणी देणारा क्षण एका नाव नसलेल्या कामगाराच्या थकव्यातून येतो. तो थकवा खोटा वाटला असता, तर पुढचं सगळं पोकळ झालं असतं.

१९२९नंतर बोलपट आले आणि कित्येक नटांची कारकीर्द आवाजावर अडली. रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्यांना मात्र ही परीक्षा जड गेली नाही. ‘एम’मध्ये गेओर्ग योनला लांग यांनी ध्वनीच्या मधोमध उभं केलं. हा चित्रपटच ऐकण्याबद्दल आहे. खुन्याची शीळ हा त्याचा सगळ्यांत मोठा पुरावा. ती धून ग्रीग यांच्या ‘पेअर ग्युंट’ संगीतातली. लॉरेला शीळ घालता येत नसल्यानं ती लांग यांनी स्वतः घातली असं सांगितलं जातं. भिकाऱ्यांच्या अड्ड्यावर हाताने फिरवायची एक बेसूर वाद्यपेटी वाजत असते. आंधळा फुगेवाला वैतागून कान झाकतो आणि त्याच क्षणी प्रेक्षकालाही काही ऐकू येईनासं होतं. त्यानं हात काढले की सूर परत येतात. बोलपट अजून चाचपडत होता, त्या काळात एका लहान भूमिकेच्या कानांनी साऱ्या प्रेक्षागृहाला ऐकवण्याची ही युक्ती विलक्षण होती. आणि शेवटी, ओसाड दारूभट्टीत गुन्हेगारांनी मांडलेल्या न्यायालयात, आपण निर्दोष असल्याचं सांगणाऱ्या खुन्याच्या खांद्यावर मागून एक हात पडतो. तो हात फुगेवाल्याचा असतो.

मार्च १९३३

जानेवारी १९३३च्या अखेरीस हिटलर सत्तेवर आला. २८ मार्चला प्रचारमंत्री गोबेल्सनं बर्लिनच्या कायझरहोफ हॉटेलात चित्रपटवाल्यांसमोर भाषण केलं आणि आदर्श म्हणून ज्या चित्रपटांची नावं घेतली, त्यांत ‘दी नीबेलुंगेन’ होता. दुसऱ्याच दिवशी, २९ मार्चला, ऊफाच्या संचालकांनी संस्थेतल्या ज्यू माणसांना काढून टाकायचं ठरवलं. त्याच दिवशी लांग यांच्या ‘दास टेस्टामेंट डेस डॉक्टर माबूझे’ या नव्या चित्रपटावर बंदी आली. त्यातही गेओर्ग योनला एका नोकराचं काम होतं. नंतर फिल्मचेंबर स्थापन झालं, त्याचं सदस्यत्व असल्याशिवाय काम करता येईना, आणि ज्यूंना सदस्यत्व मिळेना. ज्या ‘नीबेलुंगेन’मधे त्याची तीन कामं होती, त्याच्या पहिल्या भागाची आवाज जोडलेली आवृत्ती त्याच वर्षी थिएटरांत लागली. त्या नटाला मात्र स्टुडिओचं दार बंद झालं.

मराठी वाचकाला ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट याच वर्षातली आहे. प्रभातच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम त्या सुमारास जर्मनीत गेले होते. तिथल्या स्टुडिओंचं तंत्र त्यांनी जवळून पाहिलं, आणि १९३४च्या ‘अमृतमंथन’मधल्या छायाप्रकाशावर त्याची छाप दिसते असं अभ्यासक मानतात. त्याच वर्षी मुंबईत मालाडला उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योझेफ विर्शिंग हे जर्मन आले. जर्मन सिनेमाचं कसब आपल्याकडे पोचत होतं. ते कसब घडवण्यात ज्यांचा हात होता, त्यांतल्या अनेकांना त्यांच्याच शहरातून हुसकावलं जात होतं.

कोण जाऊ शकला, कोण नाही

लांग पॅरिसमार्गे हॉलिवूडला गेले. लॉरेही गेला. ज्यांचं नाव झालं होतं, त्यांच्यासाठी निदान एखादं दार उघडायची शक्यता होती. तिथे गेलेल्यांचीही गत सोपी नव्हती. १९४२च्या ‘कासाब्लांका’मध्ये हॉटेलात दिसणाऱ्या कितीतरी चेहऱ्यांमागे युरोपातून पळून आलेले नट आहेत. बर्लिनच्या रंगभूमीवर गाजलेल्या कुर्ट बोइसला तिथे खिसेकापूचं काम मिळालं. पण तो जिवंत राहिला आणि १९८७च्या ‘डेर हिमेल युबर बर्लिन’पर्यंत काम करत राहिला.

लहान नटाकडे परदेशात दाखवायला काय होतं? त्याचं नाव बर्लिनमधल्या दिग्दर्शकांना माहीत होतं, कॅलिफोर्नियातल्या निर्मात्याला नाही. व्हिसासाठी हमी देणारा माणूस लागे, जहाजाचं भाडं लागे. पन्नाशी ओलांडलेल्या नटाला परक्या भाषेत नव्यानं कामं मिळणं कठीण होतं. बोलपटानंतर नटाचं भांडवल म्हणजे त्याची भाषा, आणि तीच सीमेवर निरुपयोगी ठरे. ‘नोस्फेराटू’मधले प्राध्यापक बुलवर झालेले योन गॉटोव्ट १९४२मध्ये पोलंडमध्ये मारले गेले. ‘द ब्लू एंजल’मधला जादूगार झालेला कुर्ट गेरोन तर चांगला नावाजलेला होता, तोही १९४४मध्ये आउशवित्झमध्ये संपला. नाव असणं पुरेसं ठरेलच असं नव्हतं, पण नाव नसणं बहुतेकदा जीवघेणं ठरलं.

१९४१च्या शरदात बर्लिन, व्हिएन्ना, प्राग अशा शहरांतून सुमारे २० हजार ज्यूंना नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, लोड्झच्या वस्तीत कोंबण्यात आलं. आधीच तुडुंब भरलेल्या त्या वस्तीत अन्न, कोळसा, औषध यांचा दुष्काळ होता. गेओर्ग योन तिथे नोव्हेंबर १९४१मध्ये मरण पावला. त्याचं वय ६२ होतं.

कापलेल्या फितीतले चेहरे

‘मेट्रोपोलिस’ जानेवारी १९२७मध्ये सुमारे अडीच तासांचा होता. लवकरच तो परदेशासाठी आणि मग जर्मनीसाठीही कापला गेला, आणि मूळ लांबीची प्रत कित्येक दशकं कुणालाच सापडली नाही. २००८मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक झिजलेली प्रत निघाली. तिच्यातून सुमारे २५ मिनिटांचं चित्रण परत मिळालं आणि फेब्रुवारी २०१०मध्ये चित्रपट बर्लिनमध्ये जवळपास पूर्ण रूपात दाखवला गेला. परत काय आलं, ते पाहण्यासारखं आहे. नायक-नायिका तर आधीपासून होतेच. परत आली ती मुख्यतः आजूबाजूची माणसं: मालकाच्या मुलाशी कपडे बदलणारा ११८११ क्रमांकाचा कामगार, नोकरीवरून काढलेला कारकून योझाफाट, त्यांच्यावर पाळत ठेवणारा कृश हेर. एर्विन बिस्वांगर, थेओडोर लोस आणि फ्रिट्झ रास्प या नटांचं काम त्यातून पुन्हा उभं राहिलं. ही माणसं परत येताच कथेतल्या घटनांना कारणं मिळाली. आधी तुटक वाटणारा चित्रपट समजू लागला.

कात्री नेहमी याच भूमिकांवर आधी चालते, कारण त्या गेल्या तरी गोष्ट चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात गोष्ट चालते, पण जग रिकामं होतं. चौकीदाराशिवाय दारवानाचा अपमान नुसता तमाशा ठरला असता. थकलेल्या कामगाराशिवाय मोलोखचा राक्षस केवळ नेपथ्य ठरला असता. फुगेवाल्याशिवाय ‘एम’चा खुनी सापडलाच नसता. चित्रपटाच्या इतिहासात दिग्दर्शक, तारे आणि तंत्र यांना जेवढी पानं मिळतात, तेवढी या नटांना मिळणार नाहीत. पण ‘दी नीबेलुंगेन’, ‘डेर लेट्स्टे मान’, ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘एम’ यांची नावं जिथे एका ओळीत येतील, तिथे त्या चारही चित्रपटांत असलेल्या गेओर्ग योन या नटाचं नावही आलं पाहिजे. जर्मन सिनेमाच्या त्या दशकाचा तो भागीदार होता, आणि तो इतिहास त्याच्यासह सांगितला तरच पुरा होतो.